'शांतताप्रिय' आणि 'शांततावादी' : अर्थ आणि उपयोजन

मराठी वैचारिक लेखनात 'शांतताप्रिय', 'शांतताप्रेमी' व 'शांततावादी' हे शब्द अनेकदा समानार्थी म्हणून योजले जातात. हे उपयोजन तपासून पाहण्याजोगे आहे. मराठीतील 'शांतता' या शब्दात युद्धाचा अभाव व निःशब्दता असे दोन्ही अर्थ नांदतात. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या शीर्षकात दुसरा अर्थ आज्ञारूपाने येतो. त्यामुळे 'शांतताप्रिय नागरिक' म्हणजे हिंसेला विरोध करणारा की केवळ गप्प राहणारा, हे संदिग्ध राहते. प्रशासकीय आवाहनांना ही संदिग्धता सोयीचीच असते.

'शांततावादी' हा शब्द मात्र भूमिका सुचवितो. 'पॅसिफिझम' ही मूळ संज्ञा एमिल आर्नो यांनी १९०१ मध्ये ग्लासगो येथील शांतता परिषदेत मांडली. युद्धविरोधी लेखाबद्दल बर्ट्रांड रसेल यांना १९१८ मध्ये तुरुंगवास पत्करावा लागला. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील चौथे कलम सदस्यत्व 'शांतताप्रिय' राष्ट्रांना खुले ठेवते. परंतु १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या निमंत्रणासाठी याल्टा येथे ठरलेला निकष होता १ मार्चपर्यंत शत्रुराष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारण्याचा! तुर्कस्तानने तो फेब्रुवारीत पूर्ण केला.

'अहिंसावादी' हा शब्दही 'शांततावादी'चा पर्याय ठरत नाही. गांधीजींना पहिले विशेषण निःसंशय लागू पडते. दुसरे लावताना मात्र १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांनी सैन्यभरतीसाठी केलेली पायपीट आड येते.