लोकप्रिय संस्कृतीतील आयरिश पंथीय संघर्षाचे चित्रण : काही चित्रपट व मालिकांच्या संदर्भात

महाराष्ट्रातील वाचकाला आयर्लंडचा परिचय प्रथम झाला तो राष्ट्रीय चळवळीच्या मार्गाने. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नावच आयरिश राजकारणातून आलेले होते. पारतंत्र्यातील एक देश आणि त्यावर राज्य करणारे इंग्रज, असा दोन पक्षांचा सामना या परिचयात गृहीत धरलेला होता. पुढे विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून येट्स, सिंज आणि जॉइस आले, तरी ही चौकट फारशी बदलली नाही. तिच्यात न मावणारा एक तिसरा पक्ष मात्र आहे. तो म्हणजे अल्स्टरमधील प्रॉटेस्टंट समाज. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी होऊन सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिला, तो मुख्यतः या समाजाच्या आग्रहामुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत या प्रदेशात जे घडले, ते या तिसऱ्या पक्षाला वगळून समजणे शक्य नाही. लोकप्रिय संस्कृतीने मात्र बहुतांशी त्याला वगळूनच ते सांगितले आहे.

सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या प्रदेशात तीन दशकांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. या कालखंडाला तेथे ‘ट्रबल्स’ असे म्हणतात. घरगुती कटकटींना शोभावा असा हा शब्द आहे. कॅथलिक व प्रॉटेस्टंट ही पंथांची नावे असली, तरी भांडण धर्मशास्त्राचे नव्हते. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, परंतु प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिका युनियनवाद्यांच्याच हाती राहावी. (या शहराला डेरी म्हणावे की लंडनडेरी, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष ओळखला जातो.) स्थानिक निवडणुकीतील मताधिकार घरपट्टी भरणाऱ्यांपुरता मर्यादित होता. साहजिकच पालिकेचे घर कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न मत कोणाला द्यावयाचे या प्रश्नाशी जोडलेला होता. १९६८ मधील नागरी हक्कांच्या मोर्चांमागे घरे, नोकऱ्या आणि मतदान या मागण्या होत्या. पडद्यावर मोर्चा, लाठीमार आणि स्फोट विपुल दिसतात. घरवाटपाच्या कचेरीत मात्र कॅमेरा क्वचितच शिरतो. कारण उघड आहे. कचेरीत नाट्य नसते.

हॉलीवूडने या संघर्षातून काय उचलले, हे ‘पेट्रियट गेम्स’ (१९९२) आणि ‘द डेव्हिल्स ओन’ (१९९७) या दोन चित्रपटांवरून स्पष्ट होते. पहिल्यातील खलनायक आयरिश रिपब्लिकन आर्मीतून, म्हणजे आयआरएतून, फुटलेल्या गटाचा आहे. मूळ संघटनेवर थेट दोषारोप होऊ नये, अशी ही सोय दिसते. त्याचा भाऊ नायकाच्या हातून मारला जातो आणि तेथून पुढे सारी कथा वैयक्तिक सूडाची होते. दुसऱ्या चित्रपटात मुखवटाधारी मारेकरी लहान मुलासमोर त्याच्या वडिलांना जेवणाच्या टेबलावर ठार करतो. हे दृश्य पुढच्या सर्व हिंसेला पुरेसे स्पष्टीकरण म्हणून वापरले जाते. इतिहासाची जागा अशी जखमेने घेतली की प्रेक्षकाला सहानुभूतीही मिळते आणि प्रश्न विचारण्याचे कष्टही वाचतात.

जिम शेरिडनचा ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) हा याहून कितीतरी गंभीर चित्रपट आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. गिल्डफर्ड येथील १९७४ च्या बॉम्बस्फोटासाठी चार निरपराध व्यक्तींना जन्मठेप झाली व १९८९ मध्ये त्यांची मुक्तता झाली. त्यांपैकी जेरी कॉनलन आणि त्याचे वडील जिझेप्पी यांना चित्रपट एकाच कोठडीत ठेवतो. प्रत्यक्षात ते एका कोठडीत नव्हते. वकील गॅरेथ पीअर्स यांना न्यायालयात जोरदार युक्तिवाद करताना दाखविले आहे. त्या सॉलिसिटर असल्याने तो अधिकार त्यांना नव्हता. तुरुंगातील आयआरएचा म्होरक्याही काल्पनिक आहे. चित्रपट प्रदर्शित होताच ब्रिटिश वृत्तपत्रांनी या चुकांवर बोट ठेवले. कलाकृतीला एवढे स्वातंत्र्य असतेच, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या चित्रपटाचा विषयच पोलिसांनी रचलेली खोटी साक्ष हा आहे, त्याने सोयीची दृश्ये रचावीत हे खटकते. तथापि पिता-पुत्राचे एका कोठडीतील सहजीवन ही कल्पना निव्वळ भावनिक नाही. हिंसेच्या वातावरणात वाढलेल्या तरुणाला वडिलांचे सौम्य, जपमाळ ओढणारे धैर्य प्रथम दुबळेपणा वाटते आणि फार उशिरा त्याचे मोल कळते. हे परिवर्तन दोन वेगळ्या तुरुंगांतून दाखविणे कठीण होते. चित्रपट घटनेशी अप्रामाणिक आहे, पण नात्याशी नाही.

दुसऱ्या टोकाला ॲलन क्लार्कचा ‘एलिफंट’ (१९८९) आहे. बीबीसी नॉर्दर्न आयर्लंडसाठी केलेल्या, चाळीस मिनिटांहूनही छोट्या या चित्रपटात अठरा हत्या आहेत आणि संवाद जवळजवळ नाहीत. एक माणूस चालत येतो, दुसऱ्याला गोळी घालतो, निघून जातो; कॅमेरा प्रेतावर क्षणभर थांबतो. मारणारा कोणत्या पंथाचा, मरणारा कोणत्या, हे कळू दिलेले नाही. नाव, कारण, सूड, संगीत यांपैकी काहीही नसल्यामुळे प्रेक्षकाला आधारच उरत नाही. या पद्धतीवर एक आक्षेप रास्त आहे. पंथ पुसून टाकला की सर्व हत्या सारख्याच होतात, आणि राजकीय जबाबदारीही त्याबरोबर पुसली जाते. तरीही हॉलीवूडने मृत्यूला जे अलंकार चढविले, ते उतरविण्याचे काम याइतक्या निष्ठुरपणे क्वचितच कोणी केले असेल.

याच काळात दूरचित्रवाणीवर एक विचित्र प्रकार चालू होता. ऑक्टोबर १९८८ ते सप्टेंबर १९९४ पर्यंत ब्रिटिश सरकारच्या आदेशानुसार शिन फेन तसेच काही निष्ठावादी संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज ऐकविण्यास बंदी होती. चेहरा दाखविता येई, शब्दही सांगता येत. म्हणून वाहिन्यांनी नटांकडून ते शब्द बोलवून घेतले. असा आवाज देणाऱ्या नटांत स्टीफन रे हे होते. पुढे नील जॉर्डनच्या ‘द क्राइंग गेम’ (१९९२) मध्ये आयआरएच्या सैनिकाची भूमिका त्यांनीच केली. बातमी आणि नाट्य यांतील सीमा येथे सरकारी आदेशानेच पुसली गेली होती.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळता येईल. निष्ठावादी प्रॉटेस्टंट पडद्यावर आला तो बहुधा ‘रिझरेक्शन मॅन’ (१९९८) मधल्यासारखा, विकृत खुनी म्हणून. कॅथलिक बंदूकधाऱ्याला भूतकाळ, प्रेम आणि पश्चात्ताप मिळतो. निष्ठावाद्याला केवळ सुरा मिळतो. ही विषमता कलात्मक दोष तर आहेच, पण तिच्यामुळे एका संपूर्ण कष्टकरी समाजाची भीती अनाकलनीय ठरते. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘हंगर’ (२००८) ने या बाबतीत एक लक्षणीय गोष्ट केली. बॉबी सँड्सच्या १९८१ मधील उपोषणावरचा हा चित्रपट सुरू होतो तो तुरुंगाच्या पहारेकऱ्यापासून. कैद्यांना मारून सोललेली आपली बोटे तो पाण्यात बुडवितो आणि घरातून निघताना गाडीखाली वाकून बॉम्ब आहे का ते पाहतो. पुढे आईला भेटावयास गेला असताना त्याला गोळी घातली जाते. चित्रपटाची सहानुभूती कैद्यांकडे आहे, यात संशय नाही. परंतु प्रतिपक्षाला शरीर आहे, हे तो विसरत नाही.

केनेथ ब्रॅना यांचा ‘बेलफास्ट’ (२०२१) प्रॉटेस्टंट कुटुंबातून १९६९ चा ऑगस्ट पाहतो. कॅथलिक शेजाऱ्यांची घरे फोडणाऱ्या जमावात सामील व्हा, नाहीतर पैसे द्या, असा दबाव स्वतःच्याच समाजातील गुंडाकडून येतो. हा अनुभव पडद्याला जवळजवळ नवा होता. पण त्या गुंडाचे नाव जुन्या अमेरिकन पश्चिमेतील एका गोळीबारातून घेतलेले आहे, आणि अखेरचा सामनाही ‘हाय नून’च्या गाण्यावर होतो. मुलाच्या नजरेतून पाहिल्याने हे क्षम्य ठरते. मात्र त्यामुळे दंगल ही सज्जन बाप आणि दुर्जन गुंड यांच्यातील लढाई होऊन बसते.

या पार्श्वभूमीवर लिसा मॅगी यांच्या ‘डेरी गर्ल्स’ (२०१८-२०२२) या विनोदी मालिकेचे यश विशेष वाटते. दुसऱ्या पर्वात दोन्ही पंथांच्या शाळकरी मुलांना एकत्र आणून साम्ये आणि भेद फळ्यावर लिहावयास सांगितले जाते. भेदांची बाजू क्षुल्लक, हास्यास्पद गोष्टींनी गच्च भरते. साम्यांची बाजू रिकामी राहते. समेटाच्या सरकारी उपक्रमांची याहून नेमकी थट्टा सापडणे अवघड आहे, आणि तिच्यात कोणत्याच पंथाचा उपमर्द नाही. तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये प्रदर्शित झाला. मालिकेच्या अखेरीस १९९८ च्या सार्वमतात मतदान होते, तेव्हा हत्या केलेल्या कैद्यांची सुटका मान्य करावी का, यावरून मैत्रिणींचे भांडण होते. विनोदी मालिकेने हा प्रश्न टाळला असता तरी कोणी दोष दिला नसता.

‘से नथिंग’ (२०२४) ही नऊ भागांची मालिका नेमक्या याच न मिटलेल्या प्रश्नावर उभी आहे. डिसेंबर १९७२ मध्ये दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉन्व्हिल हिला आयआरएने घरातून नेले व ठार केले. तिचे अवशेष २००३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सापडले. मालिकेचा मोठा भाग मात्र डोलर्स प्राइस या आयआरए सदस्येच्या तारुण्याला, तिच्या धाडसाला आणि मागाहूनच्या खंतीला दिलेला आहे. बँक लुटण्याचे प्रसंग चटपटीत आहेत, पोशाख देखणे आहेत. पुढे पश्चात्ताप दाखविला जातो हे खरे. परंतु ती रंगत प्रेक्षकाच्या मनातून पश्चात्ताप पुसू शकत नाही. मॅकॉन्व्हिल हिच्या मुलाने या मालिकेविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली, ती या अंगाने समजून घ्यावयास हवी. आईचा मृत्यू हा इतरांच्या मनोरंजनाचा विषय व्हावा, हे दुःख समीक्षेच्या कोणत्याही परिभाषेत बसविता येत नाही.

मालिकेच्या प्रत्येक भागाअखेरीस एक निवेदन येते. जेरी ॲडम्स यांनी आयआरएचे सदस्यत्व किंवा तिच्या हिंसाचारातील सहभाग नेहमीच नाकारला आहे, असे त्यात नमूद असते. पाऊण तासाच्या भागात ॲडम्स या नावाचे पात्र आदेश देताना दिसते आणि नंतर काही ओळी ते नाकारतात. कायदेशीर सावधगिरी म्हणून लिहिलेल्या या ओळी नऊ वेळा वाचावयास मिळतात, आणि नवव्या वेळी मालिकेतील कोणत्याही संवादापेक्षा त्याच अधिक काळ पडद्यावर रेंगाळल्यासारख्या वाटतात.