अशांतीचा प्रादेशिक मंत्री व बुसियांचा निकष

के. ए. बुसिया यांचा अशांतीच्या आधुनिक राज्यव्यवस्थेतील प्रमुखाच्या स्थानाविषयीचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी प्रमुखाची सत्ता खालून वर येत असे. राजमाता नाव सुचवी, वडीलधारे ते मान्य करीत आणि मर्यादा सोडणाऱ्यास आसनावरून उतरविण्याचा अधिकारही त्यांनाच असे. ब्रिटिश अंमलात सरकारमान्यता हाच सत्तेचा आधार झाला व प्रमुख प्रजेपेक्षा कमिशनरास अधिक बांधला गेला. बुसियांचे हे विवेचन मार्मिक आहे. मात्र सत्ता कोठून येते व ती काढून कोण घेऊ शकतो, हा त्यांचा निकष प्रमुखापुरता राखून ठेवण्याचे कारण नाही. कमिशनरची जागा ज्या पदाने घेतली त्यासही तो लावून पाहिला पाहिजे.

प्रादेशिक मंत्र्याचे पद हे विकेंद्रीकरणाचे फळ होय, असा समज सहज होतो. इतिहास निराळे सांगतो. १९५४ साली कुमासीत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय मुक्ती आंदोलनाने संघराज्याची मागणी केली. तडजोड म्हणून १९५७ च्या घटनेत प्रादेशिक विधानसभांची तरतूद झाली. त्याच वर्षी एन्क्रुमा सरकारने प्रदेशांवर आपल्या पक्षाचे आयुक्त नेमले. विधानसभा १९५९ पर्यंत मोडीत निघाल्या, आणि त्याच साली अशांतीतून ब्रोंग-अहाफो प्रदेश वेगळा काढण्यात आला. विधानसभा गेली, आयुक्त राहिला. आजचा मंत्री वारसा सांगतो तो या आयुक्ताचा.

‘मंत्री’ या शब्दाने आपल्या वाचकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे. घाना हे एकात्म राज्य असून प्रदेशास स्वतःचे विधिमंडळ नाही. १९९२ च्या घटनेच्या २५६ व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष संसदेच्या पूर्वसंमतीने हा मंत्री नेमतो. तो प्रदेशात राष्ट्राध्यक्षाचा प्रतिनिधी असतो आणि शासनयंत्रणेचा समन्वय करतो. प्रदेशातील मतदारास येथे कोठेच विचारलेले नाही. २०२४ च्या निवडणुकीत अशांतीने बहुमताने पराभूत पक्षास मते दिली; २०२५ मध्ये तेथे मंत्री आला तो अर्थातच विजयी पक्षाचा.

पारंपरिक सत्तेस मिळालेली जागाही पाहण्यासारखी आहे. प्रादेशिक समन्वय परिषदेत प्रत्येक जिल्ह्याचे दोन सभासद बसतात. अशांतीत जिल्हे ४३; प्रमुखांचे प्रतिनिधी मात्र अवघे दोन! २७६ व्या कलमाने प्रमुखांना सक्रिय पक्षीय राजकारण वर्ज्य केले आहे. ते योग्यच, परंतु पक्षीय नेमणुकीस तोलून धरणारे दुसरे काही मग प्रदेशात उरत नाही.

एकात्म राज्यात केंद्राचा प्रतिनिधी केंद्रानेच नेमावा, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. पण घटनाकारांनी तो जिल्ह्याच्या पातळीवर स्वतःच मानलेला नाही. जिल्ह्याचा मुख्य कार्याधिकारीही राष्ट्राध्यक्षच सुचवितो. तथापि जिल्हासभेतील उपस्थित व मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती त्यास लागते, आणि एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांशांच्या मतांनी सभा त्यास पदावरून दूरही करू शकते. बुसियांच्या अर्थाने त्याला आसनावरून उतरविता येते. त्याच्या वरच्या मंत्र्यावर संसद अविश्वास दर्शवू शकते, पण ती अवघ्या देशाची संसद होय. अशांतीच्या हाती तसे काही नाही.