पडलेला आणि पाडलेला

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात व्हिडिओ साहाय्यक पंच प्रथमच आले. ब्राझील-कोस्टा रिका सामन्यात नेमार पेनल्टी क्षेत्रात कोसळला. पंच ब्योर्न कुइपर्स यांनी पेनल्टी दिली आणि चित्रण पाहून ती मागे घेतली. उत्तम! पण सोंगाबद्दल पिवळे कार्ड काही निघाले नाही, नियमात मुभा असूनही. कॉपी पकडायची आणि फक्त चिठ्ठी काढून घ्यायची, तसाच हा प्रकार आम्हांला वाटतो.

मंदगती चित्रणाचा भरवसाही बेताचाच. चित्रण चौपट मंद केले की वेग चौथ्या हिश्शाचा भासतो, त्वरण तर सोळाव्या! निसटता स्पर्श लांबतो, खरा धक्का मवाळ दिसतो. म्हणूनच स्पर्श कुठे झाला ते मंदगतीत पाहावे, जोर मात्र मूळ वेगातच जोखावा, असे नियमावली सांगते.