जुनी कूपे, नवं इंजिन आणि विकणाऱ्याचा शब्द



पालीत येऊन अमेरिकन मोटारीवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण सोलापूर-धुळे रस्ता आपल्या उशाशी आहे, आणि जुनी जीप, जुना ट्रॅक्टर विकताना-घेताना होणारी घासाघीस तुम्हाला नवी नाही. आज आम्हाला समीक्षा करायची आहे ती विक्रीच्या मजकुराची. कवितेच्या ओळी आपण तपासतो. पण ज्या ओळींवर भरवसा ठेवून माणूस आयुष्याची शिल्लक मोजतो, त्या कोणी तपासत नाही.

नमुना म्हणून १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो घेऊ. दोन दारांची, उतरत्या छपराची कूपे. पत्रा, क्रोम, रंग सगळं त्या काळासारखं. आत मात्र १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये आलेल्या घराण्यातलं व्ही-आठ इंजिन, कार्ब्युरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन, ड्रमच्या जागी चारही चाकांना डिस्क ब्रेक, शिवाय नवा गिअरबॉक्स. या प्रकाराला 'रेस्टोमॉड' म्हणतात. वर्णनाचा सूर ठरलेला असतो: जुन्याचं देखणेपण घ्या, नव्याची खात्रीही घ्या.

मग ही गाडी १९६९ ची आहे का?

प्रश्न जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात (ही पाली भाषा, आपलं गाव नव्हे!) भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. निष्कर्ष असा, की भाग जुळून आले म्हणजे व्यवहारात आपण 'रथ' हे नाव देतो. भागांपलीकडे वेगळा रथ नाही. म्हणजे नाव हा व्यवहार आहे. आणि व्यवहार म्हटला की प्रामाणिकपणाचा प्रश्न आलाच.

आता आपल्याकडचं बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाडीची लाकडी चाकं गेली, लोखंडी धाव गेली, रबरी टायर आले. तिला कोणी खोटी बैलगाडी म्हणालं का? नाही. कारण लोक तिला सरळ टायरगाडी म्हणतात. बदल नावातच सांगून टाकलाय, लपवाछपवी नाही.

मोटारींचंही तसंच झालं. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शेव्हरोले जोडायला सुरुवात केली. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो आणल्या. नंतर आयातीवर बंधनं आली, सुटे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना. कितीतरी गाड्यांत आणि जीपमध्ये मिस्त्रींनी डिझेल इंजिन बसवलं. आज शौकीन मंडळी त्याला डाग समजतात. आम्हाला ते पटत नाही. तो बदल गरजेपोटी झाला आणि त्यामुळेच ती गाडी भंगारात गेली नाही. तोही तिचा इतिहासच.

कायदा मात्र कडक आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच 'विंटेज' ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर नाही. आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे आमची ही देखणी कूपे इथे 'विंटेज' या नावावर हक्क सांगू शकत नाही. 'मूळ' हा शब्द कायद्यानं जपला, हे योग्यच झालं.

मग रेस्टोमॉड वाईट का? नाही. महामार्गावर पोराबाळांना घेऊन निघालात, समोर अचानक ट्रक थांबला, तर साठ वर्षांपूर्वीच्या ड्रम ब्रेकवर भिस्त ठेवाल का? चांगले ब्रेक बसवणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. आमचा आक्षेप मजकुरावर आहे. किंमत १९६९ या आकड्याची लावायची, सुख आजच्या यंत्राचं दाखवायचं, आणि मधला हिशेब गाळायचा.

त्या हिशेबातली सगळ्यात मोठी गाळलेली ओळ म्हणजे काढलेलं इंजिन. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं थिसियसच्या जहाजाबद्दल विचारलं होतं: फळ्या एकेक बदलल्या, पण काढलेल्या फळ्या कोणी जमवून पुन्हा जहाज बांधलं, तर खरं कोणतं? इथेही तेच. त्या वर्षीच्या शेव्हरोले इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असत. ते इंजिन ताडपत्रीखाली पडलंय, विकलं गेलं, की दुसऱ्या कॅमॅरोत बसून तिला 'मूळ' म्हणवतंय? विकणारा हे बोलत नाही.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिचं एक तत्त्व असं, की नवा घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. मोटारीच्या वर्णनाला आम्ही हीच कसोटी लावतो. काय जुनं, काय नवं, कोणत्या साली, कोणत्या मिस्त्रीनं केलं, काढलेले भाग कुठे आहेत, आणि आरसी बुकातला इंजिन नंबर बॉनेटखालच्या नंबराशी जुळतो का, हे मजकुरात हवं. मालकाच्या हौसेचं वर्णन दोन परिच्छेद आणि वेल्डिंग करणाऱ्याचं नावही नाही, असा मजकूर आम्ही नापास करू.

एवढं लिहिलं तर भाव थोडा उतरेल, असं विकणारे म्हणतील. उतरू द्या. पण घेणाऱ्यानं पुढे ती गाडी विकायला काढली, तर त्याला खोटं बोलावं लागणार नाही.

आम्ही इथे थांबतो. तुमच्यापैकी जीप किंवा ट्रॅक्टरचं इंजिन बदललेले कोणी असतील तर त्यांनी आधी बोलावं. त्यांच्याकडून आम्हाला शिकायचं आहे.