पंधरा जणांची बेरीज

प्लिमथ वसाहतीचा अनेक वर्षं गव्हर्नर असलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीचा इतिहास लिहिला आणि त्या हस्तलिखिताच्या शेवटी १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांची यादी जोडली. अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांची मुळं शोधणारे या यादीकडे पुरावा म्हणून जातात. मला मात्र ती साहित्य म्हणून पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

तिची बांधणी साधी आहे. आधी घरवार नावं येतात: कर्ता पुरुष, बायको, मुलं, नोकर. मग त्याच क्रमाने तीस वर्षांनंतरची हकीकत: कोण गेलं, कोण उरलं, कुणाला किती मुलं-नातवंडं झाली. शंभराच्या आसपास माणसं आली होती आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातली निम्मी दगावली. ब्रॅडफर्डची बायको डोरोथी अमेरिकेच्या किनाऱ्याला पोचल्यावर लगेचच वारली. तिच्या वाट्यालाही तो इतरांइतकेच मोजके शब्द देतो. स्वतःच्या दुःखाला जास्त जागा न देणारा हा संयमच यादीला विश्वासार्ह करतो.

यादीतलं पहिलं घर पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचं. तो पहिल्या वसंतात गेला, बायको उन्हाळ्यात. त्याआधीच एक गडी आणि त्यांच्याकडे सोपवलेला छोटा जास्पर मोर साथीत दगावले होते. लॅथम हा पोऱ्या वीसेक वर्षं तिथे काढून इंग्लंडला परतला, तिथून बहामा बेटांवर गेला आणि उपासमारीने मेला. घर असं एकेका वाक्यात रिकामं होत जातं. आणि शेवटी येतो दुसरा गडी, जॉन हाउलँड. त्याने जॉन टिली याच्या अनाथ झालेल्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं. दहा मुलं, पाच नातवंडं, सगळी हयात. ब्रॅडफर्ड बेरीज मांडतो: पंधरा. धन्याच्या पाठीमागे कुणी उरलं नाही आणि नोकराचा वंश फोफावला, यावर तो एक शब्दही बोलत नाही. मांडणीतूनच ते कळतं.

हाउलँडच्या लग्नाची ही ओळ पुढे फार मोलाची ठरली. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत हस्तलिखित गहाळ झालं. १८५५ साली ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात असल्याचं उघड झालं आणि पुढच्या वर्षी छापलं गेलं. तोवर हाउलँडची बायको गव्हर्नर कार्व्हरची मुलगी, अशी समजूत रूढ होती. वंशजांना गव्हर्नरचं रक्त हवंसं वाटणं स्वाभाविकच. टिलीचं नाव समोर आलं आणि ती समजूत ढासळली.

यादीतली मौनंही वाचावी लागतात. कार्व्हरच्या मोलकरणीचं लग्न झालं आणि वर्ष-दोन वर्षांत ती गेली, एवढंच कळतं, नाव नाही. एलिझाबेथच्या आईचंही नाव नाही. ते संशोधकांनी बेडफर्डशायरमधल्या हेनलो गावच्या चर्चच्या नोंदवहीतून शोधलं: जोन. ज्यांच्या भूमीवर ही घरं उभी राहिली त्या वाम्पानोआग लोकांच्या पिढ्यांना मात्र या हिशेबात जागाच नाही.

ब्रॅडफर्डनंतरही यादी वाढत राहिली. मागाहून कुणीतरी हयात असलेल्यांची नोंद केली. १६९८ मध्ये एकच नाव उरलं होतं: लहानपणी जहाजातून आलेली मेरी, आडनाव आता कुशमन.

१८९७ मध्ये स्थापन झालेली मेफ्लॉवर वंशजांची संस्था आज सदस्यत्वासाठी पिढीगणिक कागदोपत्री पुरावा मागते. तो गोळा करणाऱ्याने ही यादी नाव सापडताच मिटू नये, पूर्ण वाचावी. पूर्वज गव्हर्नर असो की गडी, त्याची नोंद सारख्याच निष्ठेने व्हायला हवी, हे ब्रॅडफर्डने करून दाखवलं आहे. त्यामुळेच हाउलँडच्या वंशजांना आपला खरा मूळपुरुष सापडला.