गुठळी विरघळली, म्हणून हृदय चालेल?

नांदेड असो वा लातूर, कोणी अचानक कोसळून दगावला की ‘हृदयविकाराचा झटका आला’ असेच आपण म्हणतो. या एका शब्दप्रयोगात दोन वेगळ्या घटनांची गल्लत होते. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने तुंबते. हृदय बहुधा चालूच असते. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र रक्ताभिसरणच थांबते.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचे यश पहिल्या घटनेतले आहे. १९८६ साली इटलीत सुमारे ११,८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजमुळे मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. मग तर्क निघाला : हृदय बंद पडण्यामागेही पुष्कळदा गुठळीच असते, तेव्हा रुग्णालयाबाहेर, छातीवर दाब देत असतानाच हे औषध टोचावे. २००१ साली जर्मनीतील ९० रुग्णांच्या अभ्यासाने आशाही दाखवली. पण त्यातले गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते.

खरी कसोटी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉइका’ चाचणीत लागली. युरोपातील १० देशांतले १,०५० रुग्ण. निम्म्यांना टेनेक्टेप्लेज, निम्म्यांना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य. तीस दिवसांनी औषधाच्या गटात १४.७ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात १७ टक्के. म्हणजे ७७ आणि ८९. एवढा फरक नाणे उडवूनही सहज पडतो. म्हणून औषधाने मृत्यू वाढले असे म्हणता येत नाही. फायदा मात्र दिसला नाही, आणि कवटीतील रक्तस्राव ०.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर गेला.

या चाचणीतही उणिवा आहेत. औषधासोबत हेपॅरिन वा ॲस्पिरिन दिले नव्हते, आणि फायद्याची आशा न उरल्याने ती मुदतीआधी थांबवली गेली. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असल्याचा दाट संशय असेल, तर डॉक्टर आजही हे औषध विचारात घेतात. पण सरसकट वापराचा तर्क टिकला नाही. छातीवर दाब देऊन नेहमीच्या जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा रक्त फिरते. अशा संथ प्रवाहात औषध गुठळीपर्यंत पुरेसे पोचत नसावे.

आमचा आक्षेप आहे तो ‘सुई टोचली की काम झाले’ या समजुतीवर. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पण किनवट नांदेडपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. आणि रक्त थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. तोवर जवळ असतो तो शेजारी, विद्यार्थी किंवा शिक्षक. माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही असे दिसताच १०८ ला कळवावे, आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. शाळेने जवळच्या डॉक्टरांना बोलावून हे पुतळ्यावर शिकून घ्यावे, आणि गणिताच्या तासाला ७७ व ८९ हे आकडे फळ्यावर मांडून १६६ वेळा नाणे उडवून पाहावे.