टक्केवारीतील मृत्यू : पेशीविषारी क्षमतेच्या मापनाची चिकित्सा

प्रस्तावना :
पेशीविषारी टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी विषाणुबाधित पेशींचा आणि कर्कपेशींचा नाश प्रामुख्याने दोन मार्गांनी करतात. एका मार्गात परफोरिन हे प्रथिन लक्ष्यपेशीच्या पटलाला छिद्रे पाडते व ग्रॅन्झाइम आत शिरून तिचा मृत्यू घडवितात. दुसऱ्या मार्गात फास या ग्राहीद्वारे पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. हा संहार अंकांत मांडण्यासाठी ब्रुनर व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडलेली क्रोमियम-मुक्ती चाचणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्या अंकांचा नेमका अर्थ तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पद्धतीचे बलस्थान :
लक्ष्यपेशींत किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरून त्यांना सुमारे ४ तास मारक पेशींसोबत ठेवतात व द्रवात आलेला किरणोत्सार मोजतात. त्यातून उत्स्फूर्त गळती वजा करतात. कमाल मुक्तीतूनही ती वजा करून पहिल्या वजाबाकीचे दुसरीशी असलेले शेकडा प्रमाण काढतात. झिंकरनागेल व डोहर्टी यांचे १९७४ मधील संशोधन याच चाचणीवर उभे होते. त्यास १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. तेथे प्रश्न तुलनेचा होता : त्याच टी-पेशी कोणत्या बाधित पेशी मारतात व कोणत्या सोडतात? तुलनेसाठी ही चाचणी समर्थ ठरली.

आक्षेप :
पहिला आक्षेप गळतीचा. समजा, कमाल मुक्ती २००० आहे. उत्स्फूर्त गळती २०० व प्रायोगिक मुक्ती ११०० असल्यास उत्तर ५० टक्के येते. गळती १००० व प्रायोगिक मुक्ती १५०० असल्यासही उत्तर तेच! दुसऱ्या प्रयोगातील निम्म्या पेशी मात्र आपोआपच गळत होत्या. दुसरा आक्षेप काळाचा. नियोजित मृत्यूत पेशीपटल आरंभी अभंग राहते. त्यामुळे फासमार्गे होणारा संथ मृत्यू ४ तासांत पुरता नोंदला जात नाही. तिसरा आक्षेप सरासरीचा. १०,००० मारक पेशींनी १,००० पैकी ५०० लक्ष्यपेशी मारल्या आणि प्रत्येक मारक पेशीने एकच बळी घेतला असे मानले, तर केवळ ५ टक्के मारक पेशींनी कार्य केले असा अर्थ होतो. टक्केवारी हे सांगत नाही.

पेशीच्या पृष्ठभागावर येणारे सीडी१०७ए मोजण्याची २००३ मधील पद्धत प्रत्येक मारक पेशीची हालचाल टिपते. परंतु ती कणिका सोडल्याचे दर्शविते, लक्ष्यपेशी मेल्याचे नव्हे.

निष्कर्ष :
मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून विकसित झालेल्या कार-टी उपचारास भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मारक पेशी आता औषध म्हणून रुग्णाच्या शरीरात जात असताना मापनातील संदिग्धता केवळ पाठ्यपुस्तकी राहत नाही. म्हणून टक्केवारीसोबत उत्स्फूर्त गळती, पेशींचे प्रमाण व कालावधी नोंदविणे आणि किमान दोन भिन्न पद्धतींचा पडताळा घेणे अगत्याचे आहे. आपल्या अध्यापनातही सूत्रापूर्वी हे प्रश्न यावेत, असे प्रतिपादन करावेसे वाटते.